विम्याचे कार्ड आणि बुडालेली मजुरी

१ जुलै २०२४ पासून महाराष्ट्रातील प्रत्येक शिधापत्रिकाधारक कुटुंब, मग त्याची शिधापत्रिका पिवळी असो, केशरी असो वा पांढरी, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या छत्राखाली आले. कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार विनामूल्य, अशी ही तरतूद आहे. तेव्हापासून एक वाक्य आमच्या कानी वारंवार पडते : ‘‘आता गरिबाला आजारपणाची चिंता उरली नाही.’’ सभांतून ते ऐकू येते, आणि रविवारी मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या आवारात रेंगाळणाऱ्या आमच्या सुशिक्षित बांधवांच्या तोंडूनही ऐकू येते. या वाक्याशी आमचे भांडण आहे.

आरंभीच एक खुलासा करतो. ही योजना नको, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. १९९७ साली जीवनदायी योजना निघाली, तेव्हा हृदय, मूत्रपिंड, कर्करोग अशा मोजक्या दुखण्यांपुरतीच ती होती. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत धुळे होते. पण १९९८ साली धुळ्यापासून वेगळा झालेला आमचा नंदुरबार नव्हता. आम्हांला २१ नोव्हेंबर २०१३ पर्यंत वाट पाहावी लागली. दर कुटुंबामागे ३३३ रुपयांचा हप्ता सरकारने विमा कंपनीला द्यावयाचा आणि कंपनीने ९७१ प्रकारच्या उपचारांचा दीड लाखापर्यंतचा खर्च उचलावयाचा, अशी ती मांडणी होती. २०१७ साली योजनेस महात्मा फुले यांचे नाव मिळाले आणि १ एप्रिल २०२० पासून केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी तिची सांगड घातली गेली. या योजनेमुळे ज्यांची हृदयाची शस्त्रक्रिया झाली आणि जे आज चालते-फिरते आहेत, अशी माणसे आम्ही पाहिली आहेत. त्यांच्यादेखत योजनेला नावे ठेवण्याचे धाडस आम्ही करणार नाही.

परंतु आम्ही राहतो ते चिंचपाडा गाव सुरत-भुसावळ लोहमार्गावर आहे, आणि या मार्गाने दरवर्षी कोण जाते हे आम्ही पाहतो. दिवाळी सरली की नवापूर तालुक्यातील कितीतरी कुटुंबे ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातेत जातात. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते. अशाच एका कुटुंबातील कर्त्या पुरुषाला तिकडे फडावर असताना ताप आला. पहिले काही दिवस त्याने तो अंगावर काढला. मग जवळच्या एका खासगी दवाखान्यात सुई आणि सलाईन, पुन्हा सुई आणि पुन्हा सलाईन, असे सुमारे तीन आठवडे चालले. शेवटी पोटात पू झाल्याचे निदान झाले आणि एका मोठ्या रुग्णालयात योजनेखाली शस्त्रक्रिया झाली. शस्त्रक्रियेचा एक पैसाही पडला नाही. सरकारच्या दफ्तरी हे प्रकरण यशस्वी म्हणून नोंदले गेले असेल, आणि ते खरेही आहे. पण घरी परतल्यावर त्या कुटुंबाने बैलजोडी विकली. आधीच्या तीन आठवड्यांची औषधे, तपासण्या, गाडीभाडे, दोघांची बुडालेली मजुरी आणि न फिटलेली उचल, यांपैकी एकही रक्कम कोणत्याही कार्डावर बसत नव्हती.

आमचा मुद्दा एवढाच आहे. सरकार आपला खर्च रुग्णालयाच्या खिडकीवर मोजते. गरिबाचा खर्च त्या खिडकीच्या पुष्कळ आधी सुरू होतो आणि पुष्कळ नंतरपर्यंत चालतो. विमा रुग्ण दाखल झाल्यावर जागा होतो. रोजचा ताप, खोकला, रक्तदाबाची गोळी, बाह्यरुग्ण विभागातील तपासणी त्याच्या कक्षेत येत नाही. केंद्र सरकारच्याच राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे २०२१-२२ मध्ये देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के भार लोकांनी थेट स्वतःच्या खिशातून उचलला. २०१३-१४ मध्ये हे प्रमाण ६४.२ टक्के होते, म्हणजे सुधारणा झाली हे मान्य. पण बुडालेली मजुरी आणि विकलेले बैल या हिशेबात धरलेले नाहीत, हेही ध्यानात ठेवावे.

आता खर्चाला आवर घालण्याचा प्रश्न घेऊ. सरकारपाशी त्यासाठी दोन मुख्य साधने आहेत : प्रत्येक उपचाराचा ठरीव दर आणि उपचारापूर्वी घ्यावयाची मंजुरी. दर तुटपुंजा ठेवला की रुग्णालय ‘खाट रिकामी नाही’ म्हणते, किंवा वरखर्चाच्या नावाने नातेवाइकांकडून पैसे घेते. दर भरघोस ठेवला की नको असलेल्या शस्त्रक्रियेचा मोह सुटतो. हे आमच्या कल्पनेतले भय नव्हे. पूर्वीच्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेखाली छत्तीसगडमध्ये गरीब स्त्रियांची गर्भाशये विनाकारण काढल्याचे प्रकरण २०१२ साली देशभर गाजले. बिहार, छत्तीसगड व राजस्थानातील अशा शस्त्रक्रियांविषयीच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये निकाल दिला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महालेखापरीक्षकांच्या अहवालाने दाखवून दिले की, आयुष्मान भारत योजनेत सुमारे साडेसात लाख लाभार्थी एकाच दूरध्वनी क्रमांकाशी जोडलेले होते. ज्या व्यवस्थेत प्रत्येक शस्त्रक्रियेमागे पैसा मिळतो, पण माणूस निरोगी राहिला तर कोणालाच काही मिळत नाही, त्या व्यवस्थेचा खर्च पहारेकरी वाढवून आटोक्यात येणार नाही.

मग दुसरी वाट आहे काय? आहे, आणि ती नवी नाही. थायलंडने २००१ पासून तीस बातची योजना आणली. तीत रुग्णाच्या नेहमीच्या औषधोपचाराचा पैसा शस्त्रक्रियांच्या संख्येवर नव्हे, तर त्या भागात नोंदलेल्या माणसांच्या संख्येवर देण्यात येऊ लागला, आणि तो मुख्यतः जिल्ह्या-तालुक्याच्या सरकारी रुग्णालयांच्या जाळ्यातून खर्च झाला. आपल्याकडे १९४६ सालीच भोर समितीने सांगितले होते की, पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही उपचारांवाचून राहू नये. आणि त्यासाठी तिने पाया धरला होता तो गावाजवळच्या आरोग्य केंद्राचा. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणातही सरकारी आरोग्यखर्चाचा दोन तृतीयांश वा त्याहून अधिक वाटा प्राथमिक सेवेसाठी असावा असे लिहिले आहे. धोरण कागदावर बरोबर आहे. फलकांवर मात्र पाच लाखांचा आकडा झळकतो आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या औषधांच्या कपाटाकडे कोणी पाहत नाही.

आमच्या जिल्ह्यातील दुसरे उदाहरण सिकलसेलचे. भिल्ल, मावची, पावरा अशा समाजांत हा रक्तदोष पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणी मूल रुग्ण असण्याचा संभव चारांत एक असतो. वेदनेचा झटका येऊन मूल दाखल झाले, तर विमा उपयोगी पडेल. पण त्या मुलाला खरी गरज असते ती नियमित गोळ्यांची आणि वेळोवेळी होणाऱ्या रक्ततपासणीची, म्हणजे गावाजवळच्या जागत्या आरोग्य केंद्राची. ती सेवा नीट चालली तर कितीतरी झटके टळतील आणि विम्याचा पैसाही वाचेल.

जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने १९७० पासून हेच करून दाखविले. खेड्यातील अल्पशिक्षित, पुष्कळदा निरक्षर स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. अतिसार, कुपोषण, बाळंतपणातील मृत्यू यांवर त्या स्त्रियांनी गावातच मात केली. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आमच्या चिंचपाड्यातही प्रॉटेस्टंट बंधूंचे ख्रिस्ती रुग्णालय कित्येक दशकांपासून आहे. तेव्हा सेवेची ही परंपरा आम्हांला परकी नाही.

सरकारपुढे आमच्या मागण्या मोजक्या आहेत. विम्याचा हप्ता वाढविण्याआधी आदिवासी भागातील प्राथमिक आरोग्य केंद्रांतील रिक्त पदे भरा आणि तेथील औषधे संपू देऊ नका. दुसरी मागणी बुडीत मजुरीची. आदिवासी भागात तीव्र कुपोषित बालकाला दाखल केल्यावर त्याच्यापाशी राहणाऱ्या पालकाला बुडीत मजुरी देण्याचे तत्त्व शासनाने फार पूर्वीच मान्य केले आहे. तेच तत्त्व दाखल झालेल्या प्रत्येक मोलमजुराला लावा. बालकाच्या आईची मजुरी बुडते आणि ऊसतोड्याची बुडत नाही, असे कोणते गणित आहे?

आणि वाचकहो, आपल्यालाही दोन शब्द सांगावयाचे आहेत. ‘गरिबांना सारे फुकट’ असे म्हणण्याची सोय आता उरलेली नाही. पांढरी शिधापत्रिका बाळगणारे आपणही त्याच योजनेत आहोत. ज्यांना अर्ज लिहिता येतो, ज्यांचे म्हणणे कचेरीत ऐकले जाते, त्यांनी या योजनेतील उणिवांवर बोलावयाचे नाही, तर कोणी बोलावे? प्रत्येक धर्मग्रामात निदान दोन जाणत्या व्यक्तींनी आजारी कुटुंबासोबत रुग्णालयात जावे, आरोग्यमित्राशी बोलावे, शिधापत्रिकेतील नावाच्या चुका आधीच दुरुस्त करून ठेवाव्यात. विवाहपूर्व वर्गास येणाऱ्या आमच्या भागातील प्रत्येक वधू-वराला सिकलसेलची तपासणी करून घेण्यास सांगावे. त्यास मोठा निधी लागत नाही.

शोमरोनी माणसाचा दाखला आपण अनेकदा ऐकतो. त्याने जखमा बांधल्या, हे आपल्या लक्षात राहते. पण जखमी माणसाला उतारशाळेत पोहोचवून तो मोकळा झाला नाही. त्याने दोन नाणी दिली आणि अधिक खर्च झाला तर परत येताना तोही देईन, असा शब्द दिला. पाच लाखांची मर्यादा छापलेले कार्ड ही ती दोन नाणी आहेत. परत येऊन उरलेला हिशेब विचारण्याचे काम मात्र शासनाकडून अजून व्हावयाचे आहे, आणि आपणांकडूनही.