वाडा सगळ्यांचा, खर्च एकट्याचा!

मागच्या महिन्यात ऑफिसमधल्या मैत्रिणीने लंच टाइममध्ये फ्रान्स ट्रिपचे फोटो दाखवले. आयफेल टॉवर वगैरे झालं आणि मग आली लिऑन शहरातली जुनी घरं. दगडी दार, आत चौक, कोपऱ्यात गोल जिना. ‘‘अगं, लोक राहतात इथे अजून! कुंड्या बघ ना,’’ ती म्हणाली. मी म्हटलं, ‘‘हा तर आपला वाडाच की!’’

अशा घराला तिकडे ‘ओतेल पार्तिक्युलिए’ म्हणतात. हॉटेलशी काही संबंध नाही. बड्या घराण्याचं शहरातलं खासगी घर. रस्त्याला दार, मग चौक, मग राहतं घर, मागे बाग. आमच्या कल्याणच्या घरात बागेऐवजी परसू आणि विहीर होती, एवढाच फरक.

‘होती’ म्हणतेय, कारण 2006 साली आम्ही ते बिल्डरला दिलं. प्रॉपर्टी कार्डावर तेरा नावं, दर पावसाळ्याआधी कौलं शाकारायची, खांबांना वाळवी आणि पुढच्या खोल्यांत भाडेकरू. त्यांचं महिन्याचं भाडं कौलं शाकारणाऱ्याच्या एका दिवसाच्या मजुरीएवढंही नव्हतं. चूक त्यांचीही नाही. 1947 च्या भाडे कायद्याने जुन्या घरांची भाडी 1940 च्या पातळीला बांधून टाकली होती. टंचाईच्या काळात त्याची गरज होतीच. पण 1999 चा नवा कायदा येईपर्यंत कितीतरी वाड्यांची कंबर मोडली होती. सह्या झाल्या तेव्हा आजी एवढंच म्हणाली, ‘‘सांभाळायला सगळे सांगतात, सांभाळायला कुणी येत नाही.’’

कल्याणात अशी घरं गल्लोगल्ली होती. सुभेदार वाड्याचंच बघा. पेशवाईतले सुभेदार रामजी महादेव बिवलकर यांचा हा वाडा. पण आज कल्याणकराला सुभेदार वाडा म्हटलं की आधी आठवते ती शाळा आणि तिथला गणेशोत्सव!

मग कायदा काय करतो? मुंबईत 1995 साली हेरिटेज नियमावली आली. इमारतींना ग्रेड मिळाले. ग्रेड एक म्हणजे जवळजवळ हातच लावायचा नाही, तीनमध्ये बरीच सूट. खासगी घरंही यादीत आली. गिरगावातली खोताची वाडी त्यातलीच. लाकडी जिने, व्हरांडे, रंगीत कठडे... एखाद्या रविवारी चर्नी रोडला उतरून जरूर बघा. एकेकाळी तिथे 65 घरं होती असं सांगतात. आज निम्मीही उरलेली नाहीत. यादीत नाव आलं म्हणून छप्पर गळायचं थांबत नाही, मंडळी!

नियमात मालकासाठी एक सोय आहे. घर जपायचं म्हणून जो एफएसआय वापरता येत नाही, तो टीडीआर म्हणून विकता येतो. मुंबईबाहेरच्या शहरांसाठी 2020 मध्ये आलेल्या एकत्रित नियमावलीतही हेरिटेजचे नियम आहेत, म्हणजे ठाणे-कल्याणलाही. पण टीडीआर एकदा विकला की संपला. कौलं मात्र दर वर्षी फुटतात.

फ्रान्सने इथेच जरा वेगळा विचार केला. 1913 च्या कायद्याने संरक्षित घराला सरकारी परवानगीशिवाय हात लावता येत नाही. पण दुरुस्तीला सरकारी अनुदान मिळू शकतं आणि देखभालीचा खर्च मालकाच्या करपात्र उत्पन्नातून वजा होतो. घर लोकांना बघायला खुलं असेल तर पूर्ण, नसेल तर निम्मा. 1962 च्या कायद्याने अख्खे जुने मोहल्ले वाचवायला सुरुवात झाली. 1964 मध्ये पहिला नंबर लागला जुन्या लिऑनचा. मैत्रिणीच्या फोटोतल्या कुंड्यांमागे हा सगळा हिशेब आहे!

म्हणजे तिकडचं सरकार सांगतं, ‘पाडू नका, आणि खर्चात आम्हीही आहोत.’ आपल्याकडे पहिलं वाक्य जोरात ऐकू येतं. दुसरं आलं की नाही, कळतच नाही. म्हणून तर यादीत नाव येणार म्हटल्यावर मालकाला आनंद होण्याऐवजी धडकी भरते.

मी स्वतः वाडा पाडून मिळालेल्या फ्लॅटमध्ये राहते. लिफ्ट आहे, पार्किंग आहे. त्यामुळे ‘अरेरे, विकला का हो वाडा?’ असं कुणाला विचारायचा हक्क मला नाही. पण जे अजून टिकून आहेत त्यांच्यासाठी दोन गोष्टी करता येतील. करसवलत आणि दुरुस्तीनिधीचा प्रश्न आपल्या नगरसेवकाला आणि आमदाराला विचारायचा. आणि एखाद्या मालकाने दार उघडून आत बोलावलं, तर सेल्फी काढून निघून न जाता तिकिटाचे पैसे द्यायचे. मल्टिप्लेक्समध्ये पॉपकॉर्नला देतोच की!

आमच्या दिंडी दरवाज्याची पितळी कडी काकांनी तेवढी ठेवून घेतली होती. ती आता माझ्या हॉलमध्ये आहे. येणारा प्रत्येक जण विचारतो, ‘‘वॉव, अँटिक! कुठून घेतलीस?’’

घेतली नाही हो. उरली.