ऑपरेशन झालं, फोटो निघाला... पुढं काय?

लहान मुलाच्या मेंदूचं ऑपरेशन महात्मा फुले योजनेतून झालं की आपल्या ग्रुपवर लगेच पोस्ट फिरते, "साहेबांच्या प्रयत्नातून बाळाला जीवदान". चांगलंच आहे, मदत करणाऱ्यांचे आभार. पण लेकरू पुण्याहून बारामती-इंदापूरला परत आल्यावर कोण विचारतं?

डोक्यात पाणी झालं म्हणून नळी टाकलेली असो, गाठ काढलेली असो की अपघातानंतरचं ऑपरेशन. मेंदूवर व्रण राहतो आणि काही मुलांना त्यातून फिट येते. कधी आठवड्यात, कधी कित्येक महिन्यांनी. ही बाहेरची बाधा नाही, देवाचा कोपही नाही.

आणि आपण काय करतो? कांदा हुंगवतो, चप्पल नाकाला लावतो, दातात चमचा घालतो. आमच्या भागातल्या एका शाळेत हे मी डोळ्यांनी बघितलंय. वर आईला सांगितलं, "फिट बंद झाली की पाठवा." अहो, 6 ते 14 वयाच्या पोराला शिक्षणाचा हक्क 2009 च्या कायद्यानं दिलाय. फिट येते म्हणून तो जात नाही!

करायचं एवढंच: पोराला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा. 5 मिनिटांत थांबली नाही तर 108 ला फोन. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच फिट आली किंवा नळी असलेल्या पोराला उलट्या, गुंगी सुरू झाली तर थेट दवाखाना गाठा, नळी तुंबलेली असू शकते. आणि गोळ्या मनानं बंद करू नका.

पण सगळं आईबापावर ढकलून चालणार नाही. इंदापूरहून पुणे सव्वाशे किलोमीटरच्या वर आहे. फिट तेवढा वेळ थांबत नाही. म्हणून माझ्या चार मागण्या:

1) प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात फिट थांबवायचं औषध, मिडाझोलम, कायम शिल्लक असावं.
2) शाळेत तपासणीला येणाऱ्या बाल स्वास्थ्य पथकानं शिक्षकांना अर्धा तास हे शिकवावं.
3) बारामतीच्या शासकीय मेडिकल कॉलेजात या मुलांसाठी महिन्यातला एक दिवस ठरवून मेंदूविकार तज्ज्ञ बसावेत.
4) डिस्चार्जचा कागद मराठीत मिळावा.

यातल्या कशालाच नवी इमारत लागत नाही, उद्घाटनाची फीत लागत नाही. म्हणूनच मागं पडतंय का? ग्रामसभेत विचारा, पुढाऱ्यांना विचारा. जीवदानाचा फोटो काढलात, तर त्या जीवाची पुढची जबाबदारीही घ्या.