सशाचे कान आणि धारवाडी मैत्री

परवा हुबळीहून फोनवर निरोप आला : 'शनिवारी गोव्याला येतोय.' पुढे सशाचे कान लावून, काळ्या तोकड्या कपड्यांत नाचणाऱ्या दोन मुली. पाठवणारा माझा मावसभाऊ, वय वर्षं बावन्न. सोबत बायको, मुलं आणि सासूबाई. बेत काय, तर मंगेशीला अभिषेक!

विचारलं, ह्या कोण रे? "अरे, मैत्री, मजा, पार्टी. गोवा म्हटलं की सगळे हेच टाकतात."

टाकतात म्हणून टाकायचं? आम्ही इथे घरदार करून राहतो, हे कुणाच्या गावीच नाही.

हे चित्र जपानी मोबाइलवरून आलं. २०१० साली युनिकोडात शिरलं तेव्हा अधिकृत नावात बाई एकच होती : सशाचे कान असलेली बाई. शिकागोच्या प्लेबॉय क्लबात १९६० पासून मद्य वाढणाऱ्या नोकरदार बायकांचा तो पोशाख. ॲपलने एकीच्या दोघी काढल्या आणि लोकांनी त्यांना मैत्रिणी करून टाकलं. २०१६ मध्ये पुरुषही आले, तेही जोडीनेच.

माझा आक्षेप नाचाला नाही, दारूलाही नाही (गोंयकाराने तो घ्यावा तरी कुठल्या तोंडाने!). आक्षेप आहे तो त्या दोघी हुबेहूब एकसारख्या असण्याला. मैत्री म्हणजे एका साच्यातून दोनदा काढलेली बाहुली?

आणि हे कुणी पाठवावं? हुबळी-धारवाडकराने! जुळी शहरं ती, अनेक वर्षं महापालिकाही एकच होती, पण तोंडवळा बघा. हुबळी व्यापाराची, रेल्वेची. धारवाड विद्यापीठाचं, गाण्याचं. त्याच धारवाडात १९२२ साली द. रा. बेंद्रे यांनी 'गेळेयर गुंपु' काढला, म्हणजे मित्रांचा कंपू. बेंद्र्यांच्या घरी मराठी, कविता कानडीत. त्यांच्या कंपूतले शं. बा. जोशीही घरी मराठी बोलणारे, लिहिणार कानडीत. गोकाक, मुगळी, जी. बी. जोशी, प्रत्येकाची वाट निराळी. जी. बीं.नी १९३३ साली मनोहर ग्रंथमाला सुरू केली. सीमावादात दोन्हीकडचे लोक एकाच छापाची माणसं मागत राहिले. हा कंपू त्या छापात बसला नसता.

'चित्राला भाषा लागत नाही,' असं भाऊ म्हणतो. भाषा लागत नाही, म्हणूनच तर त्याला काही सांगता येत नाही!

असो. उत्तर म्हणून पेढ्याचं चित्र शोधलं. नाही. मग सरळ अक्षरांत लिहिलं : येताना धारवाडी पेढे आण, सासूबाईंना नमस्कार.

उत्तर लगेच आलं. त्याच दोघी.