वाळक्या शेंड्यांचा हिशेब

सागाचे कोवळे पान तळहातावर चोळले की मेंदीसारखा लाल रंग उतरतो, हे विदर्भात लहानपण गेलेल्यांना सांगावे लागत नाही. चंद्रपूर-घुग्घुस रस्त्याकडेच्या सागावर हा खेळ खेळायचा तर आधी बोट काळे होते, लाली नंतर. वळवाच्या सरीनंतर फुटलेली पालवी चार दिवसांत कोळशाच्या धुळीने माखते आणि पानावरची बारीक लव ती धूळ धरून ठेवते. त्या धुळीखाली पानाची रंध्रे असतात. झाड त्यांतूनच हवा आत घेते आणि वाफ बाहेर सोडून स्वतःला थंड ठेवते. पारा ४६-४७ अंशांवर असताना ती बुजली तर झाडाचे काय होत असेल याची कल्पना उकाड्यात नाक-तोंड दाबून पाहणाऱ्याला यावी. साग ऐन उन्हाळ्यात बहुतेक निष्पर्ण असतो म्हणून निभावतो. त्याच रस्त्यावरच्या आंब्याला, जांभळाला ती सोय नाही.

या पानाची नोंद कुठे होते? कुठेच नाही. ताडोबाच्या वाघाचा प्रत्येक बछडा मोजला जातो आणि तो मोजलाच पाहिजे. पण ज्या झाडांच्या सावलीत तो वाढतो, त्यांची प्रकृती कशी आहे हे विचारण्याची पद्धत आपल्याकडे नाही. आणि पद्धत नाही म्हणून प्रश्नही नाही, अशी सरकारी सोय त्यातून होते. ती सोय किती कामाची, हे ११ जुलै २०२५ रोजी दिसले. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने त्या दिवशी कोळशावरच्या सुमारे ७८ टक्के वीजनिर्मिती संचांना धुरातला सल्फर डायऑक्साइड काढून टाकणारी यंत्रणा, म्हणजे एफजीडी, बसवण्यापासून सूट दिली. मूळ निकष डिसेंबर २०१५ चा. दोन वर्षांत पाळायचा होता. मग मुदत वाढली, पुन्हा वाढली, आणखी वाढली. अखेर मुदतच नको असे ठरले. दिल्ली परिसर आणि दहा लाखांवर वस्तीची शहरे यांच्यापासून दहा किलोमीटरच्या आतले संच तेवढे या सक्तीत राहिले. अतिप्रदूषित ठरलेल्या भागांजवळच्या संचांचा निर्णय प्रकरणागणिक व्हायचा आहे. बाकीच्यांसाठी अट कसली, तर चिमणीच्या उंचीची.

या निर्णयाच्या समर्थनार्थ जे सांगितले गेले ते सगळेच टाकाऊ नाही. भारतीय कोळशात राख भरपूर असली तरी गंधक कमी, साधारण अर्धा टक्का असते, हे खरे. एफजीडी महाग आहे, ती चालवायला वीज आणि चुनखडी लागते, हेही खरे. शहरांतल्या हवेत सल्फर डायऑक्साइडची पातळी मर्यादेत आढळते, हा तिसरा मुद्दा. आमचा आक्षेप या तिसऱ्याला आहे. वायू मोजायचा शहरात, चिमणी बांधायची उंच, आणि शहरात तो आढळला नाही म्हणजे तो नाहीच असे मानायचे! दोनशे-पावणेतीनशे मीटर उंच चिमणीचे कामच मुळी तो दूर पाठवणे हे असते. जिथे पाठवला तिथे मोजणी यंत्र नसेल तर आकडा चांगलाच येणार. कोळशातले गंधक कमी म्हणावे तर जाळला जाणारा कोळसा अफाट आहे. उपग्रहांच्या नोंदींनुसार मानवनिर्मित सल्फर डायऑक्साइड हवेत सोडण्यात भारत चीनला मागे टाकून जगात पहिल्या क्रमांकावर गेला, त्यालाही आता काही वर्षे झाली.

उंच चिमणीची ही युक्ती आपली नव्हे. ब्रिटनने ती वापरली, पश्चिम जर्मनीने वापरली. कॅनडातल्या सडबरीच्या निकेल कारखान्याने १९७२ मध्ये ३८१ मीटरची चिमणी उभारली. आसपासच्या गावांची हवा सुधारली आणि तक्रारी थांबल्या. पण युरोपात तोवर स्वीडनची तळी माशांविना ओस पडू लागली होती. आपल्या पावसात मुरणारे आम्ल ब्रिटन आणि मध्य युरोपातल्या धुराड्यांचे आहे, हे स्वांते ओडेन या स्वीडिश मृदाशास्त्रज्ञाने १९६७ मध्ये वर्तमानपत्रात लिहून सांगितले, तेव्हा अनेकांनी ते हसण्यावारी नेले. पुढे जर्मनीची पाळी आली. ग्योटिंगेनचे बर्नहार्ड उलरिश हे झोलिंगच्या जंगलात वर्षानुवर्षे मातीचे रसायन तपासत होते. त्यांना जे दिसले ते पानावर नव्हते, मुळाशी होते. आम्लाचा पाऊस मातीतले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धुऊन नेतो. मातीच्या कणांत मुकाट बांधून पडलेले अ‍ॅल्युमिनियम मोकळे होते आणि पाणी शोषणाऱ्या केसाएवढ्या मुळांना ते विषासारखे बाधते. झाड वरून हिरवे दिसते, खालून उपाशी असते. मग सूचिपर्णी झाडांच्या जुन्या सुया पिवळ्या पडतात, माथा विरळ होतो, आणि एखाद्या कोरड्या उन्हाळ्यात वा कडाक्याच्या थंडीत झाड बसते. पंचनाम्यात मृत्यूचे कारण दुष्काळ असे लिहिले जाते.

जर्मनीत १९८१ नंतर ‘जंगल मरते आहे’ ही बातमी घराघरांत गेली. त्यात अतिशयोक्ती होती. पाच-दहा वर्षांत सगळी वने संपतील असे तेव्हा बोलले गेले, तसे झाले नाही. त्यावरून तो सारा बागुलबुवा होता असे म्हणणारे आजही आहेत. ते एक गोष्ट सोयीस्करपणे विसरतात. १९८३ मध्ये पश्चिम जर्मनीने मोठ्या वीजकेंद्रांवर गंधक काढण्याची सक्ती केली आणि १९८८ पर्यंत ती अमलात आणली. उद्योगांनी तेव्हाही खर्चाचे रडगाणे गायले होते. एकीकरणानंतर पूर्वेकडची लिग्नाइटवरची जुनाट धुराडी बंद पडली किंवा सुधारली. १९९० च्या तुलनेत जर्मनीचे सल्फर डायऑक्साइड उत्सर्जन आता ९० टक्क्यांहून अधिक घटले आहे. औषध घेतल्यावर रोगी वाचला तर रोगच नव्हता असे निदान करणारे वैद्य सर्वत्र असतात. ज्या एर्त्सगेबिर्ग आणि यिझेरा डोंगरांत वेळेवर औषध मिळाले नाही, त्या पोलंड-चेकोस्लोव्हाकिया-पूर्व जर्मनीच्या सीमाभागात डोंगरच्या डोंगर खरोखर उघडे पडले होते.

आम्हाला त्या कायद्यापेक्षाही महत्त्वाची वाटते ती त्याच सुमारास सुरू झालेली एक साधी रीत. १९८४ पासून दर उन्हाळ्यात जर्मनीचे वनकर्मचारी ठरलेल्या जाळीवरच्या ठरलेल्या झाडांखाली दुर्बीण घेऊन उभे राहतात आणि माथ्यावरची किती पाने कमी झाली ते लिहून घेतात. पुढच्या वर्षी तीच जागा, शक्यतो तेच झाड. युरोपभर अशी जाळी आखली गेली. चाळीस वर्षांच्या या कंटाळवाण्या कामामुळे आज तो देश सांगू शकतो, की त्याच्या पाचांतल्या जेमतेम एका झाडाचा माथा धड आहे.

कारण गंधक गेले तरी गोष्ट संपली नाही. २०१८ पासून सलग तीन वर्षे कोरडी आणि तापलेली गेली. हवा तापली की ती पानांतून पाणी जोराने ओढते. जमिनीत ओल नसेल तर खोडातल्या जलवाहिन्यांत ताणाने हवेचे बुडबुडे शिरतात आणि पाण्याची धारच तुटते. हे टाळायला झाड रंध्रे मिटून घेते, तर अन्न बनणे थांबते. तहान की भूक, एवढीच निवड उरते. अशा झाडाकडे साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांना रोखण्यापुरती राळही नसते. हार्त्स पर्वतातले स्प्रूसचे काळपट हिरवे डोंगर दोन-तीन वर्षांत करडे झाले. २०१८ ते २०२१ च्या सुरुवातीपर्यंत जर्मनीत सुमारे ५ लाख हेक्टरवरचे वृक्षाच्छादन गेले. कार्बन शोषणारे जंगलच २०१७ पासून कार्बन सोडणारे झाले, असे तिथल्या ताज्या वनगणनेने सांगितले. सर्वाधिक फटका बसला तो लाकडासाठी जिथे-तिथे लावलेल्या एकसुरी स्प्रूसला. मिश्र जंगल तोडून सागाच्या रांगा लावण्याला १९७४ पासून महामंडळ असलेल्या राज्याने हे वाक्य दोनदा वाचावे.

आमची झाडे उन्हाला सरावलेली आहेत, असे यावर म्हटले जाते. धावडा, सालई, ऐन, मोह यांचे आयुष्यच कोरड्या उन्हाळ्याशी जमवून घेण्यात गेले, यात शंका नाही. पण ती सरावली आहेत ती एका लयीला. २०२२ चा मार्च हा १९०१ पासूनच्या नोंदींतला देशातला सर्वांत उष्ण मार्च होता. मोह फुलतो तो याच दिवसांत. सशक्त झाडाला जी कीड किरकोळ, ती दमलेल्या झाडाला पुरून उरते. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात मंडला-दिंडोरीच्या जंगलात साल वृक्षांवर खोडकिड्याने जो घाला घातला, तो गोंदियाच्या वनखात्यातल्या जुन्या माणसांना आठवत असेल. सालाचे ओंडके ठेचून, त्यांच्या रसाच्या वासावर आलेले भुंगेरे आदिवासींकडून वेचून घेतले गेले आणि नगावर पैसे दिले गेले. लाखो झाडे तोडावी लागली. उपाय भुंगेऱ्याशी भिडला. झाडे आधी का खचली होती हे विचारण्याची वेळ टळून गेली होती.

आता आपल्या पावसाकडे वळू. उत्तर आणि मध्य भारतात उडणारी माती चुनायुक्त असते आणि ती पावसातले आम्ल मारते. म्हणून युरोपासारखा आम्लवर्षाव आपल्याकडे सरसकट झाला नाही. पण या संरक्षणावर किती विसंबायचे? हवामान खाते देशात दहा ठिकाणी पावसाचे रसायन तपासते. नागपूर आणि पुणे त्यांतली दोन. १९८७ ते २०२१ पर्यंतच्या नोंदी पाहिल्या तर बहुतेक ठिकाणी पावसाचा सामू हळूहळू उतरतो आहे. कोकण आणि सह्याद्रीच्या जांभ्यात तर कॅल्शियम मुळातच थोडे, मुसळधार पावसाने आधीच धुऊन नेलेले. शिवाय वीजकेंद्रांच्या धुराड्यातली राख आपण गाळणी लावून पकडतो, तेही योग्यच आहे, माणसांच्या फुप्फुसांसाठी अत्यावश्यक आहे. पण ती राख अल्कधर्मी असते. ती पकडायची आणि गंधक मोकळे सोडायचे म्हणजे विषाचा उतारा काढून घेऊन विष चालू ठेवण्यासारखे.

ओझोनचे आणखी वेगळे. वाहनांच्या आणि कारखान्यांच्या धुरातून उन्हात तयार होणारा हा वायू शहरापेक्षा वाऱ्याच्या दिशेने पलीकडे जास्त साचतो. लॉस एंजेलिसच्या धुरक्यामुळे सॅन बर्नार्डिनो डोंगरातले पाइन वृक्ष पिवळे पडत आहेत, हे कळायला तिथे दशक उलटले. मुंबई-ठाण्याचा धूर घाटाच्या दिशेने जातो तेव्हा घाटमाथ्यावरच्या अंजनी-जांभळाच्या पानांत काय शिरते, ते सांगणारी यंत्रे मुंबई-ठाण्यातच बसवलेली आहेत.

मग आपण मोजतो तरी काय? दर दोन वर्षांनी वन अहवाल येतो. २०२३ च्या अहवालानुसार देशाचे वन आणि वृक्षाच्छादन ८,२७,३५७ चौरस किलोमीटर, म्हणजे २५.१७ टक्के आहे. एक हेक्टरहून मोठ्या जागेवर दहा टक्क्यांहून अधिक छत्र दिसले की उपग्रहाच्या लेखी ते वनाच्छादन. मालकी कोणाची, जात कोणती, हे तिथे गौण. नारळाची वाडी आणि देवराई एकाच रंगात रंगते, तर ठणठणीत ऐन आणि शेंडा वाळत चाललेला ऐन यांत फरक कुठून दिसणार? राज्य सरकारने २०१६ मध्ये २ कोटी, पुढच्या वर्षी ४ कोटी, मग १३ आणि २०१९ मध्ये ३३ कोटी झाडे लावण्याचा संकल्प सोडला होता. जन्मनोंदणीचा असा उत्साह आणि आजारपणाची नोंदवही कोरी. लावलेल्या रोपांपैकी जगली किती यावरच विधिमंडळात वाद झाला. उभ्या जंगलाच्या तब्येतीपर्यंत तो वाद पोहोचलाच नाही.

यासाठी नवे प्राधिकरण नको, नवी इमारत तर नकोच. बीटावरचा वनरक्षक रोज चालतो. अवैध तोड, वणवा, पाऊलखुणा यांची नोंद तो करतोच. त्याच्या बीटातली वीस-पंचवीस झाडे क्रमांक घालून कायमची ठरवावीत आणि पाऊस संपल्यावर, पानगळ सुरू होण्याआधी, एकदा त्यांच्या माथ्याकडे पाहून चार रकाने भरावेत: शेंडा हिरवा की वाळका, पाने किती गेली, अळीने जाळी केली का, सालीला भोके आहेत का. ऑगस्ट-सप्टेंबरात अळीने चाळण केलेला साग दुरून भाजल्यासारखा दिसतो आणि महिनाभरात पुन्हा पालवतो. तो पालवला की नाही, हे त्या वनरक्षकाइतके कोणाला ठाऊक असणार? कार्य आयोजनेत लाकडाच्या घनमीटरांना पानेच्या पाने मिळतात, तिथे या रकान्यांना एक पान द्यावे. पावसाचा सामू मोजणारी काही ठिकाणे नागपूर-पुण्याबाहेर, ताडोबाच्या गाभ्याजवळ आणि कोयनेच्या खोऱ्यात असावीत.

राहिला तो एफजीडीबाबत प्रकरणागणिक व्हायचा निर्णय. चंद्रपूरचे २,९२० मेगावॉटचे केंद्र ताडोबाच्या शेजारी उभे आहे आणि शहराचे नाव प्रदूषितांच्या यादीत वर्षानुवर्षे आहे. तज्ज्ञ समितीसमोर अशा केंद्रांचे कागद जातील तेव्हा शहरातल्या चार यंत्रांचे आकडे जोडलेले असतील. वनखात्याने आपलाही एक कागद त्यात जोडावा. आज जोडायला त्याच्यापाशी काही नाही. येत्या सप्टेंबरात बीटावर रकाने भरायला सुरुवात झाली, तर निदान पहिल्या वर्षाचा कागद तयार असेल.