प्रश्न पालकांना, परीक्षा शासनाची

डोळ्यांनी नीट दिसणारे, बुद्धीने तल्लख, हातापायांनी धड असे एखादे मूल आठव्या वर्षीही सदऱ्याची बटणे लावताना अडखळते. चेंडू झेलताना त्याचे हात उशिरा मिटतात. फळ्यावरचे उतरवून घेताना वर्ग पुढे जातो आणि ते मागे राहते. घरी त्याला धांदरट म्हणतात, शाळेत आळशी. दोन्हीकडे अधूनमधून मारही बसतो. वस्तुतः हे मूल आळशीही नसते आणि हट्टीही नसते. मनात योजलेली हालचाल अवयवांकडून बिनचूक करवून घेण्यात त्याला जन्मजात अडचण येत असते.

वैद्यकशास्त्र या अडचणीला विकासात्मक समन्वय विकार असे म्हणते. १९९४ साली कॅनडातील लंडन या गावी भरलेल्या तज्ज्ञांच्या बैठकीत या नावावर एकमत झाले. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ सालच्या निदानग्रंथानुसार ५ ते ११ वर्षे वयाच्या मुलांत त्याचे प्रमाण ५ ते ६ टक्के आहे. हा हिशेब येथे लागू पडतो असे धरले, तर चाळीस मुलांच्या वर्गात अशी दोन मुले असणार. ती कोणती, हे शोधायचे कसे, हा खरा प्रश्न आहे.

त्यासाठी जगभर वापरले जाणारे एक साधन म्हणजे पालकांना विचारावयाची प्रश्नावली. कॅनडातील कॅलगरी येथे ब्रेंडा विल्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेली आणि २००७ साली सुधारलेली ‘डीसीडीक्यू’ ही त्यांपैकी सर्वांत परिचित. तीत १५ विधाने आहेत. समवयस्क मुलांच्या तुलनेत आपल्या मुलाला प्रत्येक विधान कितपत लागू पडते, हे पालकांनी १ ते ५ गुणांत सांगावयाचे असते. एकूण गुण १५ ते ७५ यांच्या दरम्यान येतात. आठ वर्षांखालील मुलाचे गुण ४६ किंवा त्याहून कमी असतील, तर त्याची पुढील तपासणी व्हावी, असा संकेत आहे. प्रश्नावली निदान करीत नाही. कोणत्या मुलाकडे अधिक बारकाईने पाहावे, एवढेच ती सांगते. साधन स्वस्त आहे, त्याला यंत्र लागत नाही आणि आईबापांच्या रोजच्या निरीक्षणाला ते मोल देते. गरीब देशाला याहून सोयीचे साधन कोणते?

परंतु येथेच सावध राहावयास हवे. प्रश्नावली कागदावर छापलेली असली, तरी तिच्यामागे एक समाज उभा असतो. मूळ विधानांत बागेतील अडथळ्यांवरून उडी मारणे आहे, बॅट किंवा रॅकेटने चेंडू-फूल टोलविणे आहे, बुटांच्या नाड्या बांधणे आहे, पोहण्यासारखे नवे कौशल्य शिकणे आहे. एका विधानात तर चिनी मातीच्या भांड्यांच्या दुकानात शिरलेल्या बैलाची उपमा आहे. ती शब्दशः मराठीत आणली, तर ऐकणाऱ्या आईला हसू येईल किंवा आपल्या मुलाला जनावर म्हटले असे वाटेल. खरे उत्तर मात्र मिळणार नाही. जिथे बाग नाही तिथे बागेतील उडीविषयी विचारावयाचे, आणि जे मूल चपला घालून शाळेत जाते त्याच्या बुटांच्या नाड्यांवर गुण कापावयाचे, हे शास्त्र नव्हे. ज्या मुलीला मैदानावर जाऊच दिले जात नाही, तिला खेळाची आवड नाही असे नोंदविणे, हा तर अन्यायावर अन्याय झाला.

नवी मुंबईत हा प्रश्न विशेष तीव्रतेने उभा राहतो. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने पंच्याण्णव गावांच्या जमिनीवर हे शहर वसविले. आज येथे घणसोली-दिवाळ्याच्या गावठाणांत आगरी-कोळी बोली ऐकू येते, कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतींत साताऱ्याकडची मराठी, आणि तुर्भे-दिघ्याच्या वस्त्यांत हिंदीपासून कन्नडपर्यंत अनेक भाषा. इंग्रजी प्रश्नावली वाचून भरू शकणारे पालक या शहरात आहेत. त्यांच्या मुलांना खाजगी उपचारतज्ज्ञही परवडतात. ज्यांना ती वाचता येत नाही त्यांचीच मुले मार खातात, नापास होतात आणि शेवटी शाळा सोडतात. अडचण एकच, एकाला तिचे नाव मिळते आणि दुसऱ्याला शिवी.

म्हणून केवळ भाषांतर पुरेसे नाही, रूपांतर हवे. मूळ कर्त्यांच्या संमतीने प्रत्येक विधानाचा हेतू कायम ठेवून त्याचा संदर्भ बदलावा लागेल. दोन्ही हातांचा मेळ पाहावयाचा असेल, तर पायजम्याची नाडी बांधणे किंवा वेणी घालणे विचारता येईल. तोल पाहावयाचा असेल, तर लंगडी आहे, पाण्याने भरलेले भांडे न सांडता आणणे आहे. नेमबाजीसाठी लगोरी आहे. लेखनासाठी जोडाक्षरे आणि ओळीवर सरळ राहणारी शिरोरेषा आहे. हे पर्याय योग्य आहेत की नाहीत, हे तज्ज्ञांनी बंद खोलीत ठरवू नये. वस्तीतील आयांना विचारून ठरवावे. मग मराठी मसुदा दुसऱ्या व्यक्तीकडून पुन्हा इंग्रजीत करवून मूळ अर्थाशी ताडावा. त्याच पालकांना काही दिवसांनी तेच प्रश्न विचारून उत्तरे टिकतात का ते पाहावे, आणि मुलांच्या हालचालींच्या प्रत्यक्ष चाचणीशी त्यांचा मेळ बसतो का तेही तपासावे. गुणांची सीमारेषा येथील मुलांवरून ठरली पाहिजे. अल्बर्टा प्रांतातील मुलांची रेषा तुर्भ्याच्या मुलांवर लादता येणार नाही. निरक्षर पालकांसाठी प्रश्न तोंडी विचारावे लागतील, आणि तोंडी रूपाचीही वेगळी पारख करावी लागेल; कारण सरकारी माणसासमोर ‘सगळे ठीक आहे’ असे सांगण्याची सवय गरिबाला अनुभवाने लागलेली असते.

हे अशक्य नाही. ब्राझीलने २००९ साली या प्रश्नावलीचे पोर्तुगीज रूपांतर सिद्ध केले. २०१७ साली हिंदी रूपांतराची प्राथमिक चाचणी प्रसिद्ध झाली. वाचन-अक्षमतेसाठी राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ साली हिंदी, कन्नड व इंग्रजीबरोबर मराठीतही चाचणी-साधन दिले. हालचालींच्या अडचणीसाठी असेच काम सार्वजनिक पैशाने व्हावे आणि त्याचे फळ प्रत्येक शाळेला विनामूल्य मिळावे.

यंत्रणाही हाताशी आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघर येथे झाला. अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळांतील मुलांची एकदा तपासणी करण्याची त्यात तरतूद आहे, आणि विकासातील विलंबाचाही त्यात समावेश आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेच्या व्याख्येत हालचालींच्या नियोजनातील दोष, म्हणजे डिस्प्रॅक्सिया, अंतर्भूत केला आहे. वाशी येथे महानगरपालिकेचे स्वतःचे ईटीसी केंद्र दिव्यांग मुलांसाठी आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने तर मुलाला मारणे व त्याचा मानसिक छळ करणे निषिद्धच ठरविले आहे.

यावर असा आक्षेप येईल की, जिथे मुलाच्या पोटात पुरेसे अन्न नाही, तिथे ही नवी आजारांची नावे कशाला? आक्षेप अगदीच पोकळ नाही. कुपोषण, रक्तक्षय आणि दृष्टिदोष यांची तपासणी आधी झालीच पाहिजे; भुकेने थकलेल्या मुलावर विकाराचा शिक्का मारणे हा गुन्हा ठरेल. पण भुकेचा प्रश्न सुटेपर्यंत बाकीच्या अडचणींनी थांबावे, हा न्याय श्रीमंतांच्या मुलांना कोणी लावीत नाही. मग तो कामगाराच्याच मुलाला का लावावा?

दुसरा धोका अधिक खरा आहे. चाळणी लावावयाची, यादी करावयाची आणि यादी कपाटात ठेवावयाची, ही आपल्या प्रशासनाची जुनी रीत आहे. उपचाराची सोय न करता केलेली चाचणी ही पालकांची फसवणूक आहे. आणि ही सोय फार महागही नाही. जे काम अडते तेच पायरीपायरीने शिकविण्याच्या पद्धती उपयुक्त ठरल्या आहेत. त्यांना भारी उपकरणे नव्हेत, तर प्रशिक्षित भौतिकोपचार व व्यवसायोपचार तज्ज्ञ, समजून घेणारा शिक्षक आणि परीक्षेत थोडा अधिक वेळ लागतो.

कार्यकर्त्यांपुढील काम यातून स्पष्ट होते. महानगरपालिकेच्या शाळांत पालकसभा होतात. तेथे हा विषय मांडला गेला पाहिजे. रूपांतराच्या समितीत वस्तीतील पालक, अंगणवाडी सेविका आणि आशा कार्यकर्त्या असाव्यात, अशी मागणी झाली पाहिजे. तपासणीत सापडलेल्या प्रत्येक मुलाला उपचार केव्हा मिळाले, याचा जाब दर वर्षी मागितला पाहिजे. प्रश्नावलीत पंधरा प्रश्न पालकांसाठी आहेत. सोळावा शासनासाठी आहे: उत्तरे मिळाल्यावर तुम्ही काय केलेत?