‘व्हॉट ड्रीम्स मे कम’ : स्वर्गापेक्षा सोबत मोठी

आमच्या नात्यात एका मुलीचे नाव कुणी घेत नाही. ती माझी मावसबहीण. माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. तिने स्वतःच आपले आयुष्य संपवले. त्यानंतर भिंतीवरचा तिचा फोटो उतरला आणि भेटायला आलेल्या एक वृद्ध बाई मावशीला म्हणाल्या, “अशा जिवाला गती मिळत नाही गं!” ते वाक्य मावशीच्या मनात आजही रुतून आहे. म्हणूनच हा चित्रपट मी निव्वळ करमणूक म्हणून पाहू शकले नाही.

व्हिन्सेंट वॉर्ड यांनी दिग्दर्शित केलेला हा अमेरिकन चित्रपट १९९८ सालचा. मूळ कादंबरी रिचर्ड मॅथेसन यांची, १९७८ ची. नाव मात्र हॅम्लेटच्या सुप्रसिद्ध स्वगतातून घेतलेले. ख्रिस हा डॉक्टर, ॲनी चित्रकार. त्यांची दोन्ही मुले मोटार अपघातात जातात. चार वर्षांनी ख्रिसही अपघातातच जातो. त्याला लाभलेला स्वर्ग म्हणजे ॲनीच्या चित्रांचेच जग. फूल हातात घ्यावे, तर त्याचा ओला रंग बोटांना लागावा! या दृश्यकिमयेला १९९९ मध्ये ऑस्कर मिळाले, ते योग्यच. इकडे एकटी उरलेली ॲनी दुःख न सोसून आत्महत्या करते आणि नरकात जाते. ख्रिस स्वर्ग सोडून तिच्या शोधात निघतो.

आपल्याला येथे सावित्री आठवेल, इंग्रजी विभागातील मित्रांना ऑर्फियस. पण सावित्रीने यमाला वाणीने जिंकले, ऑर्फियसने पाताळाला संगीताने भुलवले. ख्रिसपाशी असे कोणतेच अस्त्र नाही. ॲनी तर त्याला ओळखतसुद्धा नाही!

चित्रपट फार भावविवश आहे, असा आक्षेप घेतला जातो. माझा आक्षेप निराळा आहे. ॲनीला नरक का? चित्रपट सांगतो की ही कुणा न्यायाधीशाने दिलेली शिक्षा नव्हे. असा जीव स्वतःच्या वेदनेपलीकडे पाहू शकत नाही, इतकेच. परंतु पडद्यावर दिसते ते काय? नवरा आणि मुले प्रकाशात, आणि ती एकटी अंधारात. माझ्या मावशीला हा सूक्ष्म भेद कोण समजावून सांगणार? आपल्या देशाच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही मान्य केले की आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे गृहीत धरावे, तिला शिक्षा नव्हे, उपचार द्यावेत. मग परलोक कायद्याहून कठोर कसा?

असे असूनही हा चित्रपट पाहावा, असे मी आग्रहाने म्हणेन. कारण त्याचे अखेरचे उत्तर कोणत्याही सिद्धांतात नाही. येथे फार वेळ थांबलास तर तुझेही भान हरपेल, असा इशारा ख्रिसला मिळालेला असतो. तिला बाहेर काढता येत नाही, हे कळल्यावर तो तिच्याजवळच राहायचे ठरवतो. आणि नेमक्या त्याच क्षणी ॲनीला जाग येते. उपदेशाने जे साधले नाही, ते सोबतीने साधले.

आम्ही मावशीला काय दिले? “विसर आता,” “देवाची इच्छा,” “मन रमव.” तिच्याजवळ बसलो मात्र नाही. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी तिच्याकडे गेले. चित्रपटाची गोष्ट तिला सांगितली नाही, एवढेच विचारले, “मावशी, ताईचा फोटो कुठे आहे?” ती बराच वेळ गप्प राहिली. मग ट्रंकेतून, साड्यांच्या घडीखालून, तिने तो काढला. ताईला वरणभातावर लिंबू किती लागायचे, येथून सुरुवात झाली आणि बोलता बोलता रात्रीचे दोन वाजले.

मरणानंतर काय, हे वाद मित्रांनी खुशाल घालावेत. पण ज्या घरात असे मरण झाले आहे, तेथे जाताना गतीचा हिशेब बाहेर ठेवून जावे. गेलेल्या माणसाचे नाव घ्यावे, आणि मग उठण्याची घाई करू नये.