शास्त्रदान, पण कोणाच्या पोराला?

आहार, औषध, शास्त्र आणि अभय ही चार दानं आपल्या घरातल्या लहान पोरींनाही पाठ असतात. पण शास्त्रदान म्हणजे काय, असं भालकी-बिदरकडच्या कुठल्याही श्रावकाला विचारा. तो एक जाडजूड ग्रंथ समोर ठेवील. आधी दातारांचे रंगीत फोटो, मग ग्रंथ. माझ्या कपाटातला एक खण अशा ग्रंथांनी भरलेला आहे. उघडतं कोण? शास्त्रदान म्हणजे ज्याला ज्ञान मिळालेलं नाही त्याला ते पोचवणं. तसा माणूस शोधायला आपल्याला लांब जावं लागत नाही.

2025 च्या दहावीच्या निकालात कलबुर्गी जिल्हा साऱ्या कर्नाटकात तळाला होता. निम्म्याहून जास्त पोरं नापास! आपल्या घरात त्याची चर्चा झाली नाही, कारण आपली पोरं लातूरला नाहीतर सोलापूरला शिकवणीला असतात. आपण मळखेडला दर्शनाला जातो, राष्ट्रकूटांची राजधानी, जिनसेनाचार्य, अमोघवर्ष असा इतिहास पोरांना सांगतो. जाता-येता रस्त्याला तांडे लागतात, तिकडे गाडी वळत नाही.

त्या तांड्यांवर काय चालतं ते सांगते. दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेलं जोडपं कोयता घेऊन ऊसतोडीला निघतं. मागे म्हातारी असली तर लेकरू गावात राहतं, नसली तर तेही सामानासंगं गाडीत बसतं. घरात गोरमाटी, गावच्या शाळेत कन्नड, आणि महाराष्ट्रातल्या फडावर गेलं की सगळीकडे मराठी. चौथीतलं पोरगं तीन भाषा बोलतं आणि एकही धड लिहीत नाही. शाळा जूनला सुरू होते, पोराचं अर्धं वर्ष फडावर जातं. बारा-तेरा वर्षांचं झालं की मोळ्या उचलू लागतं. मग त्याला वर्गात परत बसवणं त्या घराला परवडत नाही, आणि त्यालाही लाज वाटते. मुलींची लग्नं लवकर उरकतात त्यावर आपण निदान भाषणं तरी करतो, आणि ती केलीच पाहिजेत. पण मुलगा कमावता झाला म्हणजे सुटला, असंच सगळे धरून चालतात.

आमच्याकडच्या महिला मंडळाच्या एका बैठकीत मी एवढंच म्हटलं होतं की, समाजाच्या बोर्डिंगात खोल्या रिकाम्या आहेत, तिथं तांड्यावरची आणि दलितवाड्यातली थोडी पोरं ठेवू या. आधी कोणीच बोललं नाही. मग एक जण म्हणाली, “ताई, त्यांची ताटं वेगळी ठेवावी लागतील.” दुसरी म्हणाली, “त्यांना सरकार देतंयच की सगळं.” आणि तिसरी, “आधी आपल्यातले गरीब बघू.”

आपल्यातले गरीब बघा ना, कोण नको म्हणतं? पण तेही आपण चतुर्थ, पंचम, सैतवाळ, कासार असं चाळून बघतो. आणि खोल्या रिकाम्या आहेत त्या आपली पोरं पुण्याच्या फ्लॅटात राहायला गेली म्हणून.

सरकारचं म्हणाल, तर सरकार आपल्यालाही देतं. घटनेच्या 371 (जे) कलमाने कल्याण कर्नाटकातल्या पोरांना कॉलेजात आणि नोकरीत राखीव जागा मिळाल्या, त्यातून आपल्यातलेही डॉक्टर झाले. तेव्हा कोणी ‘सरकारचं कशाला’ म्हटलं नाही. ती जागा दहावीच्या पुढे गेलेल्याला मिळते. सातवीत कोयता धरणाऱ्याला तिचा काय उपयोग?

राहिली ताटं. ह्याचं उत्तर एका जैन बाईनेच शंभर वर्षांपूर्वी देऊन ठेवलंय. कर्मवीर भाऊराव पाटील आपले, असं आपण छाती फुगवून सांगतो. कुंभोजचे. पण कोल्हापुरात शिकताना अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या कार्यक्रमाला ते गेले, आल्यावर आंघोळ करायला नकार दिला आणि त्यापायी जैन बोर्डिंग सोडावं लागलं, ही त्यांच्या चरित्रातली गोष्ट आपण सांगत नाही. 1919 मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, 1924 मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या पोरांचं बोर्डिंग सुरू केलं. तिथं सोवळ्यात वाढलेल्या लक्ष्मीबाई महार, मांग, मराठा, मुसलमान पोरांना रांधून वाढत होत्या. पंगत एक. त्यांनी अंगावरचे दागिने विकले, धान्य संपलं तेव्हा मंगळसूत्रही मोडलं. 1930 मध्ये गेल्या. आपल्या बोर्डिंगात कांदा-लसूण नाही, जेवण सूर्यास्ताआधी. ते नियम येणारं पोरगं पाळील, कुठल्याही वसतिगृहाचे नियम पाळावेच लागतात. ताट वेगळं ठेवणं हा मात्र नियम नव्हे, विटाळ आहे.

व्यापारी माणसाला परदेशातला दाखला लवकर पटतो, म्हणून तोही देते. जोतिरावांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकन लोकांना. पण मुक्ती मिळाली तरी त्या देशाच्या दक्षिणेत काळ्या लोकांच्या पोरांना धड शाळा नव्हत्या. ज्यूलियस रोझेनवाल्ड हा शिकागोचा मोठा व्यापारी, ज्यू, म्हणजे आपल्यासारखाच मूठभर समाजातला. काळ्यांचे पुढारी बुकर टी. वॉशिंग्टन यांच्यासोबत त्याने हे काम हाती घेतलं आणि 1932 पर्यंत सुमारे पाच हजार शाळा उभ्या राहिल्या. पण सगळा पैसा त्याने दिला नाही. गावातल्या काळ्या कुटुंबांनी आपला वाटा उचलायचा, सरकारनेही द्यायचं, अशी अट होती. शेतावर राबणाऱ्या त्या कुटुंबांनी जमीन दिली, लाकूड दिलं, अंगमेहनत केली, आणि त्यांची वर्गणी एकूण रोझेनवाल्डच्या रकमेहून थोडी जास्तच भरली. शाळा त्यांची झाली ती अशी.

म्हणून मला वह्यावाटप नको. वह्या देताना फोटो, पोरगं मधे, आपण दोन्ही बाजूंना! पोरासोबत घरही धरायला हवं. मागे राहिलेल्या म्हातारीच्या औषधपाण्याकडे बघावं लागेल, फडावर असलेल्या आईशी आठवड्याला फोनवर बोलणं करून द्यावं लागेल, आणि बापाला समितीत खुर्ची द्यावी लागेल, चटईवर नव्हे. हे दहा वर्षांचं काम आहे. दहा वर्षांनी एखादं पोरगं आपल्याला विचारणारही नाही, तेही चालवून घ्यावं लागेल.

दशलक्षण पर्व संपलं की ट्रस्टची सभा असते. ह्या वेळी मी विषय लेखी दिलाय: चार खोल्या, बारा पोरं, एक पंगत. खर्चाचा हिशेब जोडलाय. मागच्या पंचकल्याणकात एका कलशाची जी बोली लागली, तेवढ्यात दोन वर्षं निघतात. विषय घ्यायला अकरा सभासदांच्या सह्या लागतात, आतापर्यंत चार झाल्यात. घरी विचारून सांगते, असं म्हणू नका. सभासदांच्या वहीत नाव तुमचंही आहे.